एका अवतरणचिन्हाची पन्नास वर्षं

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पाच सुधारित आवृत्त्या एकाच दिवशी जाहीर झाल्या: १७.३, १६.७, १५.११, १४.१६ आणि १३.१९. बाहेरून आलेल्या मजकुरातलं अवतरणचिन्ह निष्प्रभ करण्याचं काम ज्या फंक्शनांवर सोपवलेलं होतं, तीच फसवता येतात असं उघड झालं होतं. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये पोस्टग्रेसवर धंदा चालवणाऱ्या कंपन्यांना तोटा नाही. तिथल्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या पुढ्यात हे काम येऊन पडलं. पुढच्याच गुरुवारी, २० फेब्रुवारीला, पुन्हा पाच आवृत्त्या आल्या, कारण आदल्या आठवड्याच्या दुरुस्तीनेच नवा घोळ घातला होता.

कीबोर्डवरच्या एका किरकोळ चिन्हासाठी आठवड्यात दोनदा धावपळ! पोस्टग्रेस हा काही कुणी घाईत जुळवलेला डेटाबेस नाही. त्याचं मूळ १९८६ सालच्या बर्कलीतल्या संशोधनात आहे आणि जगभरातले कसलेले प्रोग्रॅमर त्यावर काम करतात. त्यांत पुण्याची माणसंही आहेत. एंटरप्राइजडीबी या कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयातून पोस्टग्रेसचं बरंच काम झालं. पवन देवळसी यांनी २००८ च्या ८.३ या आवृत्तीत भर घातलेली, नोंदी बदलण्याचा वेग वाढवणारी ‘हॉट’ ही युक्ती आजही वापरात आहे. असा डेटाबेसही जिथे ठेचकाळतो, ती जागा नीट पाहण्यासारखी आहे.

आधी एचएसआर लेआउटबद्दल. एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. अगरा तळ्यालगतच्या जमिनीवर १९८० च्या दशकात बेंगळुरू विकास प्राधिकरणाने ही वसाहत आखली. सेक्टर, मेन आणि क्रॉस अशा आकड्यांत पत्ते सांगायचे, ही तिथली रीत. शेजारच्या कोरमंगलातल्या कंपन्यांना जागा पुरेना तेव्हा त्या इकडे सरकल्या आणि राहत्या घरांच्या मजल्यांवर कार्यालयं थाटली गेली. वसाहत आकार घेत होती त्याच दशकात, १९८६ साली, अमेरिकेच्या मानक संस्थेने एसक्यूएल या भाषेला मान्यता दिली. तीस वर्षांनी या गल्ल्यांतली निम्मी भाकरी त्याच भाषेवर भाजली जाणार होती.

भाषा मात्र त्याहून जुनी. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याचा सिद्धांत मांडला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या तिथल्याच दोघांनी १९७४ मध्ये ते तक्ते धुंडाळण्यासाठी ‘सीक्वल’ नावाची भाषा रचली. हे नाव एका ब्रिटिश विमाननिर्मिती कंपनीच्या मालकीचं निघाल्याने पुढे त्याचं एसक्यूएल झालं. ही भाषा कुणासाठी होती, हे त्या निबंधातच लिहिलेलं आहे: हिशेबनीस, अभियंते, वास्तुविशारद, नगररचनाकार. म्हणजे प्रोग्रॅमिंग न येणारा माणूस पडद्यासमोर बसेल, आपला प्रश्न आपल्या हाताने टाइप करेल आणि उत्तर वाचेल. प्रश्न विचारणारा आणि माहिती पुरवणारा एकच. माणूस आणि डेटाबेस यांच्या मध्ये कुणी तिऱ्हाईत येईल, हे कल्पनेतही नव्हतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच झाली होती, ती पुढे सगळे विसरले. आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रायोगिक डेटाबेसमध्ये पीएल-वन भाषेतल्या प्रोग्रॅममधून प्रश्न विचारायचा, तर प्रश्नाचा सांगाडा आधी डेटाबेसला दिला जाई आणि त्यातल्या बदलत्या किमती वेगळ्या वाटेने पोहोचत. प्रश्न एकदा समजून घेतला की त्याचा अर्थ पक्का झाला. नंतर आलेली किंमत ही फक्त किंमत. बँकेच्या पैसे काढायच्या छापील स्लिपसारखंच ते. रकमेच्या चौकटीत कुणी ‘सगळ्यांची खाती रिकामी करा’ असं लिहिलं तरी कॅशियरसाठी ती चुकीची भरलेली रक्कमच. १९९२ च्या ओडीबीसी या डेटाबेस-जोडणीच्या मानकात ही सोय होती, १९९७ च्या जावात ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ या नावाने होती. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे किमतीच्या चौकटीतून प्रश्नाचा अर्थच बदलण्याचा प्रकार, यावरचं औषध रोगाच्या वीस वर्षं आधी तयार होतं. ते वापरायचं राहिलं, एवढंच.

राहिलं, कारण वेब आलं.

१९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी जगापुढे ठेवलं आणि त्या पाठोपाठ मायक्रोसॉफ्टचं एएसपी आलं. दोन्हींत वाक्य जुळवणं कमालीचं सोपं होतं. वेबपानावरच्या चौकटीत कुणी ‘जोशी’ टाइप केलं की ते एसक्यूएलच्या ओळीत दोन अवतरणचिन्हांमध्ये चिकटवायचं आणि अख्खी ओळ डेटाबेसकडे पाठवायची: नाव = 'जोशी'. काम झालं. आता कुणी चौकटीत जोशी' ऑर '१'='१ असं टाइप केलं, तर ओळ होते नाव = 'जोशी' ऑर '१'='१'. एक बरोबर एक हे सदैव खरं, म्हणून तक्त्यातली प्रत्येक नोंद या अटीत बसते. मधलं अवतरणचिन्ह पाहुण्याने टाकलेलं आहे, हे डेटाबेसला कळायला मार्गच नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती एकसंध ओळ.

जेफ फॉरिस्टल हा तरुण सुरक्षा संशोधक ‘रेन फॉरेस्ट पपी’ या टोपणनावाने लिहीत असे. त्याने हा प्रकार २५ डिसेंबर १९९८ रोजी ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात मांडला. त्याने मायक्रोसॉफ्टलाही आधी कळवलं होतं आणि कंपनीला त्यात काळजी करण्यासारखं काही दिसलं नाही, हेही त्याने लेखात नोंदवून ठेवलं. त्याच वर्षी जूनमध्ये तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत परदेशी पोरं शिरली होती. त्यांची वाट वेगळी होती, पण आपल्याकडे ‘हॅकिंग’ हा शब्द पेपरांच्या पहिल्या पानावर आणला तो त्या घटनेने. फॉरिस्टलचा लेख मात्र मोजक्या लोकांनीच वाचला.

पीएचपीवाल्यांनी यावर जो तोडगा काढला त्याचं नाव ‘मॅजिक कोट्स’. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप एक तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, लावून टाकायची. रेघ दिसली की डेटाबेसने पुढचं चिन्ह साधं अक्षर मानायचं. यालाच एस्केपिंग म्हणतात. प्रोग्रॅमरला काही कळलं नाही तरी चालेल, जादू होईल! प्रत्यक्षात ती रेघ नको तिथे घुसली. डेटाबेसकडे न जाणाऱ्या मजकुरातही ती उमटे. कधी दोनदा लागे, कधी काढायची राहून जाई. आयरिश ओ'ब्रायन मंडळींच्या नावांत वर्षानुवर्षं तिरक्या रेघा दिसत राहिल्या.

मराठीला याची झळ वेगळ्याच तऱ्हेने पोहोचण्यासारखी होती. युनिकोड रुजण्याआधी देवनागरी मजकूर कृती देवसारख्या फॉन्टांतून लिहिला जाई. या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली असत ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कृती देवमध्ये ‘श’ काढण्यासाठी आधी एकेरी अवतरणचिन्ह आणि मग ‘के’ दाबावं लागे. ‘शिंदे’ हे नाव आत असं साठे: एफ, अवतरणचिन्ह, के, ए, एन, एस. म्हणजे कुणी शिंदे, शिर्के किंवा शहा कसल्याही वाईट हेतूशिवाय आपलं नाव चौकटीत भरू लागले, तर एसक्यूएलची ओळ मध्येच तुटणार. मॅजिक कोट्स चालू असेल तर ओळ वाचणार, पण कृती देवमध्ये तिरक्या रेघेच्या जागी नेमकं प्रश्नचिन्ह बसवलेलं होतं. अंगावर आलेली ती रेघ काढायची राहिली, तर प्रत्येक ‘श’च्या आधी एक प्रश्नचिन्ह उभं! हल्लेखोर आणि साताऱ्याचे शिंदे यांच्यात फरक न करणारा बचाव किती दिवस टिकणार? २००९ च्या ५.३ या आवृत्तीत पीएचपीने मॅजिक कोट्स मोडीत काढायचं ठरवलं आणि २०१२ च्या ५.४ मध्ये ते कायमचं हटवलं.

मधल्या काळात ‘मायएसक्यूएल रिअल एस्केप स्ट्रिंग’ अशा लांबलचक नावाचं फंक्शन आलं. नावातला ‘रिअल’ वाचून हसू येतं. आधीचं खोटं होतं की काय? एका अर्थी होतंच. जुन्या फंक्शनला मजकूर कोणत्या लिपीसंकेतात आहे याचा पत्ताच नसे. क्रिस शिफ्लेट यांनी जानेवारी २००६ मध्ये याचं प्रात्यक्षिक दाखवलं. जीबीके या चिनी संकेतात काही अक्षरं दोन बाइटची असतात आणि त्यातला दुसरा बाइट बॅकस्लॅशचाच असू शकतो. हल्लेखोराने एक अर्धवट बाइट आणि त्यामागे अवतरणचिन्ह पाठवायचं. फंक्शन भाबडेपणाने मध्ये बॅकस्लॅश घालतं. अर्धवट बाइट त्या बॅकस्लॅशला जोडून घेतो, दोघांचं मिळून एक चिनी अक्षर होतं आणि अवतरणचिन्ह मोकळं सुटतं. पहारेकऱ्याच्याच हातून दार उघडलं जातं. त्याच वर्षी मे महिन्यात पोस्टग्रेसलाही अशाच कारणासाठी तातडीची आवृत्ती काढावी लागली. आजचा देवनागरी मजकूर या एका बाबतीत सुरक्षित आहे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइटचं असतं आणि त्यातला एकही बाइट अवतरणचिन्हाशी किंवा बॅकस्लॅशशी जुळत नाही.

हे सगळं तज्ज्ञांच्या वर्तुळात चाललं होतं. बाहेर काय चाललं होतं? २००० च्या आसपास पुण्या-मुंबईत व्हिज्युअल बेसिक आणि ओरॅकल शिकवणाऱ्या क्लासेसचं पीक आलं होतं. फळ्यावर जो पहिला प्रोग्रॅम लिहिला जाई, त्यात चौकटीतला मजकूर सरळ ओळीत चिकटवलेला असे, कारण तो तीन मिनिटांत समजावता येई. ज्ञान नव्हतं असं नाही. पवईला आयआयटीत एस. सुदर्शन शिकवत होते. सिल्बरशॅट्झ आणि कोर्थ यांच्यासोबतचं त्यांचं डेटाबेसचं पाठ्यपुस्तक जगभर वाचलं जातं आणि वापरकर्त्याने भरलेला मजकूर ओळीत चिकटवू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंटच वापरा, असं त्यात रोखठोक बजावलेलं आहे. पुण्यात आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केलेली पर्सिस्टंट ही कंपनी डेटाबेसच्याच कामावर वाढली. पण पवईचं पुस्तक आणि गल्लीतला क्लास यांची गाठ क्वचितच पडे. क्लासमधून बाहेर पडलेली मुलं बेंगळुरूची गाडी धरत, आणि सवय सोबत नेत. दोष त्या मुलांना देऊन उपयोग नाही. त्यांना जे पहिलं शिकवलं गेलं तेच त्यांनी केलं.

जगाने या सवयीची किंमत मोजली. अमेरिकेच्या हार्टलंड या कार्ड-व्यवहार कंपनीत २००८ मध्ये याच वाटेने शिरकाव झाला आणि सुमारे १३ कोटी कार्डांची माहिती गेली. त्यामागच्या अल्बर्ट गोन्झालेझला मार्च २०१० मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीतून ऑक्टोबर २०१५ मध्ये १,५६,९५९ ग्राहकांची माहिती चोरीला गेली. दुसरी एक कंपनी विकत घेताना तिची जुनी वेबपानं सोबत आली होती, ती तशीच राहिली होती. पुढे गुन्हा कबूल केलेल्यांत एक सतरा वर्षांचा मुलगा होता. कंपनीला चार लाख पौंड दंड झाला. २०१५ च्याच मे महिन्यात भारतातल्या गाना डॉट कॉम या संगीताच्या सेवेत लाहोरच्या एका हॅकरने एसक्यूएल इंजेक्शनने वाट काढली. एक कोटीहून अधिक नोंदी हाताशी आल्याचं त्याने दाखवून दिलं आणि सेवा काही काळ बंद ठेवावी लागली.

बेंगळुरूच्या बातम्या वाचताना मात्र सावध राहायला हवं. नोव्हेंबर २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती विक्रीला आल्याचं सायबल या कंपनीने उघड केलं, तेव्हा ‘१५ जीबीची एसक्यूएल फाइल’ असा उल्लेख सर्वत्र झाला आणि अनेकांनी तो इंजेक्शनचाच पुरावा मानला. तसं नसतं. डेटाबेसची कुठलीही प्रत एसक्यूएलच्या रूपात काढता येते. माल कोणत्या पोत्यात भरला यावरून चोर कोणत्या खिडकीतून आला हे ठरत नाही. खुद्द एचएसआर लेआउटमधल्या वेदांतू या शिकवणीच्या कंपनीची २०१९ मधली गळती पाहा. सुमारे ६ लाख ८७ हजार जणांची नावं, फोन क्रमांक आणि ईमेल बाहेर पडले, ते जेसन या रूपात. पासवर्ड बीक्रिप्टने गुंडाळलेले होते, हे कंपनीच्या जमेला धरलं पाहिजे.

जेसनवरून प्रोग्रॅमरांचा एक लाडका गैरसमज आठवतो. मोंगोसारखे एसक्यूएल नसलेले डेटाबेस आले तेव्हा ‘एसक्यूएलच नाही तर इंजेक्शन कुठून?’ असं मानणारे पुष्कळ होते. पासवर्डच्या चौकटीतून साध्या अक्षरांऐवजी ‘याच्या बरोबर नसलेलं काहीही’ अशा अर्थाची जेसनची वस्तू पाठवली, आणि प्रोग्रॅमने ती न तपासता पुढे ढकलली, की लॉगिन उघडलं. अवतरणचिन्ह गेलं, रोग तोच.

उलट बाजूचा धडाही मिळाला. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरलं म्हणजे सुटलो, असं समजणाऱ्यांना द्रुपलने १५ ऑक्टोबर २०१४ रोजी हलवून जागं केलं. जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांमागे असलेल्या या प्रणालीत किमतींसाठी रिकाम्या जागा ठेवून प्रश्न पाठवण्याची शिस्तबद्ध व्यवस्था होती. पण एका जागेत अनेक किमतींची यादी आली, तर ती व्यवस्था त्या जागांची नावं स्वतः जुळवून तयार करी, आणि त्या नावांत पाहुण्याने पाठवलेला मजकूर जसाच्या तसा जाई. दुरुस्ती आली त्या दिवशी सात तासांच्या आत ज्यांनी ती बसवली नाही, त्यांनी आपलं संकेतस्थळ हल्लेखोरांच्या हाती गेलेलंच समजावं, असा इशारा द्रुपलच्या सुरक्षा गटाने नंतर दिला. भारतीय वेळेनुसार ती मुदत पहाटेची होती.

काही ठिकाणी रिकामी जागा ठेवताच येत नाही. कोणत्या स्तंभाने क्रम लावायचा, कोणता तक्ता उघडायचा, ही नावं प्रश्नाच्या सांगाड्याचाच भाग असतात. ती किंमत म्हणून पाठवता येत नाहीत. अहवालांनी भरलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला याचा त्रास सर्वांत जास्त. मुंबईत रुशभ मेहता यांनी उभ्या केलेल्या ईआरपीनेक्स्टच्या पायाशी असलेल्या फ्रॅपे या चौकटीत २०१९ मध्ये असंच छिद्र सापडलं. लॉगिन केलेल्या माणसाला इंजेक्शन करता येत होतं, १२.०.४ या आवृत्तीत ते बुजवलं गेलं. कोड खुला असल्याने छिद्र आणि ठिगळ दोन्ही सगळ्यांना दिसलं, हे बंद दारामागच्या सॉफ्टवेअरपेक्षा चांगलंच. पुढे चौदाव्या आवृत्तीत फ्रॅपेने ओळी हाताने जुळवण्याऐवजी प्रश्न तुकड्यातुकड्यांनी बांधणारं साधन आणलं. बेंगळुरूच्या झिरोधाने फ्रॅपेत पैसे घातले आहेत, त्यामुळे मुंबईतल्या या ठिगळाशी बेंगळुरूचाही संबंध येतोच.

आता पुन्हा फेब्रुवारी २०२५ कडे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अर्थ खात्यात बियाँडट्रस्ट या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून घुसखोरी झाल्याचं उघड झालं. ती नेमकी कशी शक्य झाली हे शोधताना रॅपिड-सेव्हन या कंपनीचे स्टीफन फ्यूअर पोस्टग्रेसपर्यंत पोहोचले. यूटीएफ-८ मध्ये जो बाइट कधीच वैध नसतो, तो आधी पाठवायचा आणि त्यामागे अवतरणचिन्ह. एस्केप करणाऱ्या फंक्शनला वाटतं की हे दोन बाइटचं एकच अक्षर आहे, म्हणून ते दुसरा बाइट न पाहता पुढे जातं. पीएसक्यूएल हे साधन मात्र तो बाइट अवतरणचिन्ह म्हणूनच वाचतं, आणि ते ज्या संगणकावर चालतं त्यावर थेट आज्ञा चालवण्याचीही त्यात सोय आहे. जीबीकेची २००६ मधली करामत एकोणीस वर्षांनी वेगळ्या वेशात परतली. प्रश्न एका वाटेने आणि किंमत दुसऱ्या वाटेने पाठवणाऱ्या प्रोग्रॅमांना या छिद्राची झळ लागली नाही. ज्यांनी एस्केप केलेला मजकूर ओळीत चिकटवून पीएसक्यूएलकडे दिला होता, ते सापडले.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीसा आणि एफबीआय या संस्थांनी सॉफ्टवेअर कंपन्यांना जाहीरपणे बजावलं की एसक्यूएल इंजेक्शन हा प्रकार मुळातूनच संपवा. आदल्या वर्षी मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या अशाच एका छिद्राने हजारो संस्थांना फटका दिला होता. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत इंजेक्शन २०१०, २०१३ आणि २०१७ मध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, २०२१ मध्ये तिसऱ्यावर आलं. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने अशी घटना सहा तासांत कळवणं बंधनकारक झालं, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एचएसआरमधल्या कंपन्यांकडे सुरक्षा तपासणीसाठी पैसे आहेत आणि डोक्यावर गुंतवणूकदारही आहेत. गावातली पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण सोसायटी यांच्याकडे यातलं काहीच नसतं, पण सभासदांचे आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक मात्र असतात. अशा एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीवर तुम्ही असाल, तर सॉफ्टवेअर करून देणाऱ्याला पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: आमच्या सभासदाने भरलेला मजकूर तुम्ही एसक्यूएलच्या ओळीत चिकटवता, की वेगळा पाठवता? उत्तर लेखी घ्या.